शाळेच्या इमारतीत काढलेली एक दुपार

मी गणित शिकवते, इतिहासाशी माझा तसा संबंध नाही. आमच्या कॉलेजची कंबोडियाची शैक्षणिक सहल ठरली, मुली बऱ्याच होत्या, सोबत एक मॅडम हवी म्हणून माझं नाव घातलं. 26 पोरं, सगळ्यांचा जीव अंगकोर वाटमध्ये अडकलेला. नोम पेन्हमधलं तुओल स्लेंग म्युझियम शेड्यूलमध्ये होतं पण त्याबद्दल फार कोणी वाचलं नव्हतं, मीसुद्धा वरवरच.

गेटमधून आत गेलो आणि पहिल्यांदा मनात आलं ते हे की अरे, ही तर शाळा आहे. तीन मजली इमारती, लांबच लांब व्हरांडे, मधे पटांगण, चाफ्याची झाडं. खरंच हायस्कूल होतं ते. 17 एप्रिल 1975 ला ख्मेर रूजने, म्हणजे तिथल्या कट्टर कम्युनिस्ट संघटनेने, शहर घेतलं, दोन-तीन दिवसांत सगळं शहर रिकामं केलं, शाळा बंद, पैसा बंद, आणि पुढे या शाळेचा एस-21 नावाचा तुरुंग झाला. जानेवारी 1979 पर्यंत देशात जवळपास 17 ते 20 लाख माणसं गेली, उपासमारीने, आजारपणाने, कामाने, आणि मारून. लोकसंख्या सगळी मिळून 80 लाखांच्या आत.

पहिल्या इमारतीत वर्गच्या वर्ग रिकामे, पिवळ्या-पांढऱ्या फरशा आणि मधोमध एक लोखंडी पलंग, बेड्यांसकट. पटांगणात एक उंच लाकडी चौकट आहे, त्यावर दोर बांधून मुलं व्यायाम करायची. आपल्याकडे मैदानावर सिंगल बार असतो ना तसंच काहीतरी. नंतर त्यावर माणसांना उलटं टांगायचे, बेशुद्ध झाली की खाली ठेवलेल्या रांजणातल्या घाण पाण्यात डोकं बुडवायचे. आमच्यातला एक मुलगा, एरवी अखंड बडबड करणारा, तिथे मला म्हणाला, "मॅडम, मी बाहेर थांबू का?" म्हटलं थांब बाळा.

मग फोटोंच्या खोल्या. आणलेल्या प्रत्येकाचा फोटो काढायचे, छातीवर नंबर लावून. एका पोराच्या अंगात शर्ट नाही, तर नंबरची पिन सरळ कातडीत टोचलेली. वय आमच्या एफ.वाय.च्या मुलांएवढं, कमीच असेल. आमची एक मुलगी त्या फोटोसमोरून हलेचना, मी शेजारी जाऊन उभी राहिले, बोलायला काही सुचलं नाही. नंतर चाललेल्या खटल्यात कोर्टाच्या निकालात या तुरुंगातली किमान 12,272 माणसं मारली गेल्याचा आकडा आहे. असा शेवटच्या दोनापर्यंतचा आकडा मी आयुष्यभर फळ्यावर लिहीत आले, पण त्या भिंतींसमोर तो वाचवेना. वाचलेले म्हणून 12 जण सांगतात. चुम मेय त्यातले एक, टाइपरायटर दुरुस्त करता येत होता म्हणून जिवंत ठेवलेले.

यानंतर गाइडने जे सांगितलं ते माझ्या डोक्यातून अजून जात नाही. या तुरुंगाचा प्रमुख डुच, खरं नाव काइंग गुएक एआव, आधी गणिताचा शिक्षक होता. कैद्यांकडून छळ करून लिहून घेतलेले कबुलीजबाब तो स्वतः वाचायचा, समासात शेरे मारायचा, हे नीट नाही, इथे अजून विचारा. 2012 मध्ये अपिलात त्याची शिक्षा वाढून जन्मठेप झाली, 2020 मध्ये तो वारला. पोरं माझ्याकडे बघायला लागली, त्यांना माझा विषय माहीत ना. एकाने गाइडला विचारलं, तो चांगला शिकवायचा का? गाइड म्हणाला, त्याचे जुने विद्यार्थी सांगतात, फार नीटनेटका शिक्षक होता, मन लावून शिकवायचा.

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही.

बसमध्ये बसल्यावर नेहमीसारखी डोकी मोजायला घेतली, एक, दोन, तीन, आणि मधेच थांबले. मग नावं घेतली. वेळ लागला, कोणी कुरकुर केली नाही.

हॉटेलवर मी इंटर्नलच्या पेपरचा गठ्ठा घेऊन आले होते, रात्री थोडे तपासायचे म्हणून. लाल पेन हातात घेतलं आणि नुसती बसून राहिले. साडेअकराला दार वाजलं, ती फोटोसमोरची मुलगी, चादर हातात. "मॅडम, आज तुमच्या रूममध्ये झोपू का?" पलंगावरचा गठ्ठा उचलून बॅगेत टाकला आणि तिला जागा करून दिली.