केबलवाले ते फायबरवाले : आमची वाटचाल

चिपळूणच्या आसपासच्या वाड्यांवर आम्हाला अजून केबलवालेच म्हणतात. चुलतभावाने आणि मी सुरुवात केली ती कोॲक्स केबलने (टीव्हीची धातूची तार) चॅनल घरोघरी पोचवण्यापासून. कोॲक्समध्ये सिग्नल लवकर दमतो, म्हणून ठिकठिकाणी ॲम्प्लिफायर लावायचे, आणि ॲम्प्लिफायरला वीज हवी. कोकणातल्या पावसात ती असते कधी?

मार्च २०१७ ला केबल डिजिटायझेशनची शेवटची मुदत संपली. नुसत्या टीव्हीवर भागणार नाही हे दिसत होतं. कर्ज काढून फ्यूजन स्प्लायसर (फायबर, म्हणजे काचेची तार, वितळवून जोडायचं यंत्र) घेतला आणि जीपॉन, म्हणजे एकाच फायबरवरून अनेक घरांना इंटरनेट द्यायचं तंत्र, शिकलो. एका फायबरवरून २.५ गिगाबिट खाली, १.२५ वर, आणि ते सगळं ३२ घरांत वाटून. वाटणाऱ्या स्प्लिटरला वीज लागत नाही, आमचं निम्मं दुखणं तिथेच गेलं. राहिला हिशेब डीबीचा, म्हणजे वाटेत प्रकाश किती कमी होतो त्याचा. साधारण २८ डीबीची मुभा. त्यातले सतराएक स्प्लिटरच खातो. उरलेल्यात अंतर, जोड, कनेक्टर सगळं बसवायचं.

खरा धडा दिला ओटीडीआरने, म्हणजे फायबरमध्ये प्रकाश सोडून परत येणारा प्रकाश मोजणाऱ्या यंत्राने. कुठे गळती आहे ते हे यंत्र मीटरमध्ये सांगतं. (माकडांनी केबल चावली असेल तर नेमकं कुठलं झाड, तेही कळतं.) पण गळती कशाची, हे कळायला दोन तरंगलांबींवर मोजावं लागतं. १३१० आणि १५५० नॅनोमीटरवर नुकसान सारखंच दिसलं तर बहुतेक जोड खराब. १५५० वर जास्त दिसलं तर फायबर कुठेतरी मुडपलंय, कारण लांब तरंगलांबीचा प्रकाश वळणावर आधी निसटतो. पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवतो.

आता १० गिगाबिटचं एक्सजीएस-पॉन आलंय. फायबर तेच, पण त्याचा खाली येणारा प्रकाश १५७७ नॅनोमीटरवर चालतो. जीपॉनचा १४९० वर. म्हणजे खिडकीच्या चौकटीशी काटकोनात दाबून बसवलेली, दिसायला सुबक केबल इतकी वर्षं चालली, ती आता नडू शकते. घरात आम्ही जी.६५७, म्हणजे वळणावर कमी गळणारं फायबरच वापरतो, तरी जुनी वळणं आधी तपासतो.

दहा गिगाबिटची जोडणी सध्या हॉटेलं आणि कार्यालयांनाच देतो. घरगुती गिऱ्हाईक मागायला आलं तर आधी राउटर बघतो. पुष्कळांच्या राउटरचं पोर्टच शंभर मेगाबिटचं असतं. तो बदला म्हणतो, प्लॅन आहे तोच राहू द्या.