कन्सोलवर कीबोर्ड बदलायचाय? मॅन पानं पुरतात

समोर फक्त काळा कन्सोल, नेट नाही, आणि कळेवर छापलंय एक तर उमटतंय दुसरंच. मशीनवरच असलेली कमांडची माहितीपानं म्हणजे मॅन पानं, ती इथे कामी येतात. कमांडचं नाव पाठ नसलं तरी चालतं. «ॲप्रोपोस कीबोर्ड» एवढं टाइप करा. हे «मॅन -के कीबोर्ड»चंच काम करतं, शिवाय यात डॅश नाही. मांडणी चुकलेली असताना आधी हरवतं ते विरामचिन्हच! «नथिंग ॲप्रोप्रिएट» असं उत्तर आलं, तर बहुधा मॅनची सूची तयार झालेली नसते. लिनक्सवर रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) होऊन «मॅनडीबी» चालवा, ती सूची तयार करते.

लिनक्सच्या यादीत लोडकीज, डम्पकीज, शोकी आणि पाचव्या विभागातलं कीमॅप्स (कीमॅप म्हणजे कळांच्या मांडणीची फाइल) दिसेल. आकडा महत्त्वाचा आहे: 1 म्हणजे वापरायची कमांड, 5 म्हणजे फाइलची रचना, 8 म्हणजे व्यवस्थापकाची कामं. म्हणून «मॅन 5 कीमॅप्स». पानाच्या तळाशी असलेला «सी ऑल्सो» भाग चुकवू नका, पुढची वाट तिथूनच सापडते.

मांडणी बदलते ती लोडकीज: जर्मन कीबोर्डसाठी «लोडकीज डीई». मात्र मशीन अजून अमेरिकन मांडणीत असेल तर त्यातल्या वायसाठी झेड छापलेली कळ दाबावी लागते, कारण जर्मनमध्ये या दोघांची अदलाबदल आहे. फ्रेंच कीबोर्डवर तसंच एसाठी क्यू दाबायचं.

ही आज्ञा सगळ्या आभासी कन्सोलना (एकाच मशीनवरच्या वेगवेगळ्या लॉगिन पडद्यांना) एकदम लागू होते आणि रीबूटनंतर विसरली जाते. एसएसएचवरून, म्हणजे नेटवर्कवरून दूरच्या मशीनवर लॉगिन करून, साध्या वापरकर्त्याने चालवली तर कन्सोल सापडत नाही म्हणून तक्रार करते. ते बरोबरच आहे, कारण तुमच्या हाताखालचा कीबोर्ड दुसऱ्या मशीनचा असतो. सेटएक्सकेबीमॅपचाही इथे उपयोग नाही, ती एक्ससाठी, म्हणजे खिडक्यांच्या ग्राफिकल पडद्यासाठी आहे.

एखादीच कळ बदलायची असेल तर «शोकी» चालवून तिचा क्रमांक बघा. शेवटच्या दाबानंतर 10 सेकंदांनी ती आपोआप थांबते. कॅप्स लॉकचा क्रमांक सहसा 58. फाइलमध्ये «कीकोड 58 = कंट्रोल» अशी एक ओळ लिहा आणि ती फाइल लोडकीजला द्या. त्याआधी सध्याची मांडणी छापणाऱ्या «डम्पकीज»चा निकाल एका फाइलमध्ये वळवून ठेवा, म्हणजे परतीचा रस्ता राहतो.

कायमचा बदल करायचा तर सिस्टमडी (मशीनच्या सेवा सुरू करणारी प्रणाली) असलेल्या बऱ्याच लिनक्स वितरणांवर «लोकॅलसीटीएल सेट-कीमॅप डीई». डेबियनवर मात्र तयार कीमॅप फायली नसण्याची शक्यता असते. तिथे ईटीसी/डिफॉल्ट/कीबोर्ड ही फाइल बदलून «सेटअपकॉन» चालवायचं. लिनक्सऐवजी फ्रीबीएसडी ही प्रणाली असेल तर «केबीडीमॅप» मेनू दाखवतं आणि कायमची नोंद आरसी.कॉन्फमध्ये जाते. ओपनबीएसडीवर «केबीडी -एल»ने यादी मिळते, «केबीडी डीई»ने बदल होतो.

बाहेर पडण्याआधी दुसऱ्या कन्सोलवर लॉगिन करून बघा. पासवर्ड दिसत नाही, म्हणून त्यातली चिन्हं आधी लॉगिन नावाच्या जागी टाइप करून तपासा आणि मग पुसून टाका. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर नवा कीमॅप इनिट्रॅमएफएसमध्येही (बूटच्या सुरुवातीला वापरल्या जाणाऱ्या छोट्या फाइलसंचात) जायला हवा, नाहीतर बूटच्या वेळचा पासवर्ड जुन्याच मांडणीत वाचला जाईल.