रॅम्प – 1 नग

सुगम्यता तपासणीच्या तक्त्यात दोनच रकाने होते: रॅम्प आहे, रॅम्प नाही. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कार्यालयापुढं मी गाडीवरून न उतरताच ‘आहे’वर टिक केली. आहेच की! तीन वर्षांपूर्वी मीच उभं राहून बांधून घेतलेला.

पायथ्याशी लावलेल्या मोटारसायकली सरकवत एक पोरगा व्हीलचेअर रेटत आला. चेअरवर त्याची मावशी. निराधार योजनेचा हयातीचा दाखला द्यायला आलेल्या. पोरानं चार पावलं मागं घेऊन पळत रेटा दिला. चेअर अर्ध्यावर गेली अन् पुढची चाकं उचलली. मी धावत जाऊन पुढून दाबून धरली, तर गुळगुळीत टाईल्सवरून माझाच बूट सटकला. कसंबसं वर पोचलो, तिथं दार बाहेरच्या बाजूला उघडणारं. चेअर टेकवायला हातभर सपाट जागा नाही.

“दर बारीला मी खालीच ऱ्हाते, भाचाच वर जातो,” मावशी दम खात म्हणाल्या. मग माझ्या खिशातल्या टेपकडं बघून, “काय मोजायलात साहेब?”

तोवर मी काहीच मोजलं नव्हतं. आता मोजलं. सहा इंची चार पायऱ्या, उंची दोन फूट. रॅम्प आठ फूट. म्हणजे उतार 1:4. हवा 1:12, चोवीस फूट!

ऑफिसात येऊन जुनी एम.बी., म्हणजे कामाच्या मोजमापाची वही, काढली. अक्षर माझंच: ‘रॅम्प – 1 नग’. नगावर बिल निघतं तिथं उतार विचारतो कोण? 2016चा दिव्यांग हक्क कायदा तेव्हाही होता. निकष पाळले नसतील तर इमारतीला पूर्णत्वाचा दाखला देऊ नका, असं त्याचं कलम 44 सांगतं. जुन्या सार्वजनिक इमारतींना दिलेली पाच वर्षंही 2022ला संपली. अन् 2024च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी प्रकरणात बजावलंय, की हे निकष नुसती शिफारस म्हणून चालायचे नाहीत, सक्तीचे करा.

‘आहे’वर काट मारून नवं अंदाजपत्रक केलं. लांबी 7.32 मीटर, वळणावर दीड मीटर सपाट जागा, दोन्ही बाजूंना धरायला पाईप, खडबडीत फरशी. सरळ रेषेत मावेना म्हणून वळवून साहेबांच्या गाडीच्या शेडमधून न्यावा लागला.

आठवड्यानं फाईल परत आली. पेन्सिलीनं शेरा होता: शेड कोठे हलवणार, खुलासा करावा.