घोड्याला खरारा

आज दिवसभर घोडबंदर रोडवर पाऊस कोसळत होता, येऊरचे डोंगर दिसतच नव्हते. बाहेर पडायचा प्रश्नच नव्हता, म्हणून अखेर 'रेड डेड रिडेम्प्शन २' हा व्हिडिओ गेम सुरू केला. २०१८ पासून सगळे डोक्यावर घेऊन नाचतायत, मी आत्ता पोहोचतोय!

कौतुक खरं आहे. १८९९ ची अमेरिका, दरोडेखोरांची टोळी, आणि त्यात आपण खेळतो तो आर्थर मॉर्गन. त्याची दाढी वाढते, बंदूक मळली की तेल लावून पुसावी लागते. घोड्याला चारा द्यायचा, खरारा करायचा, मान थोपटायची, मग तो हळूहळू जीव लावतो. आई भाजी निवडता निवडता थांबली. म्हणाली, "आबा असेच बैलांच्या पाठीवरून हात फिरवायचे रे." आणि चक्क अर्धा तास शेजारी बसली. आजवर माझ्या कुठल्याच गेमकडे तिने ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

पण एक गोष्ट मनापासून खटकली. एरवी एवढं मोकळं रान, आणि मिशन, म्हणजे गेमने दिलेलं काम, सुरू झालं की दावणीला बांधल्यासारखं. टेकडीच्या मागून जाऊन बघावं म्हटलं, तर लगेच मिशन फेल. डोकं चालवायला जागाच नाही. टोळीच्या तळावर धावताही येत नाही. शिकारीचं कातडं सोलणं पहिल्यांदा थरारक वाटतं, दहाव्यांदा नकोसं होतं.

तरी सोडवत नाहीये. घोड्याचं नाव आईने ठेवलं, सर्जा.