थ्रिलरची पहिली दोन मिनिटं नक्की कोणासाठी?

कॉलेजची पोरं शॉर्टफिल्मच्या स्क्रिप्ट वाचायला पाठवतात, त्यात दर दुसरी थ्रिलर असते, आणि जोडीला जे प्रपोजल असतं त्यात टार्गेट ऑडियन्सच्या रकान्यात हमखास लिहिलेलं असतं, वय १५ ते ४५, सर्व प्रेक्षक. अरे मग राहिलं कोण, बालवाडी आणि आजोबा? आणि ओपनिंग काय, तर अंधार, पाऊस, हूडी घातलेला माणूस, पळणारे पाय, किंकाळी, स्क्रीन काळी, टायटल. पुण्यात हूडी घालून खून करायला कोण निघतं देव जाणे, पण ते एक असो.

माझं म्हणणं एवढंच की वय लिहून काही होत नाही, तो माणूस रोजच्या आयुष्यात कशाला टरकतो ते लिहा, म्हणजे ओपनिंग आपोआप सुचायला लागतं.

१९९६ चा वेस क्रेव्हनचा ‘स्क्रीम’ घ्या. रात्री घरात एकटी पोरगी, गॅसवर पॉपकॉर्न, फोन वाजतो, राँग नंबर, पण समोरचा गोड बोलतोय म्हणून हीसुद्धा थोडी लाडात येऊन बोलतेय, तुझी आवडती भीतीदायक फिल्म कुठली वगैरे. बोलणं जसं तापतं तसा तिकडे पॉपकॉर्नचा फॉइल फुगत जातो, आपल्याला कळतं की आता काहीतरी फुटणार. मग तो तिला हॉरर सिनेमांवर क्विझ घालतो, आणि ती ज्या प्रश्नावर चुकते ना, त्याचं उत्तर थिएटरातल्या निम्म्या पोरांनीही तेच दिलं असतं. बघा म्हणजे, व्हिडिओ कॅसेटवर असलेच सिनेमे बघून मोठी झालेली टीनेजर पब्लिक हा त्यांचा प्रेक्षक, तर त्यांनी पडद्यावर तीच पब्लिक बसवली, हातात तेच पॉपकॉर्न दिलं आणि त्यांच्याच हुशारीवर त्यांना मारलं. वर ती पोरगी झालेली नटी ड्र्यू बॅरीमोर, जी पोस्टरवर सगळ्यात मोठी दिसते, तीच सुरुवातीच्या साधारण बारा मिनिटांत संपते. ज्याला असल्या सिनेमांचे नियम पाठ आहेत त्यालाच असा धक्का बसतो, माझ्या काकूला काय फरक पडणार.

उलट ‘डोंबिवली फास्ट’ बघा, २००५ चा, निशिकांत कामतचा. तिकडे सुरुवातीला ना खून ना अंधार, नुसतं एका मध्यमवर्गीय माणसाचं रोजचं रुटीन, घर, लोकल, ऑफिस, परत घर, आणि ते पुन्हा पुन्हा फिरवलंय. बाहेरच्या माणसाला वाटेल काय हे रटाळ, पण लोकलला लटकून आयुष्य गेलेल्या माणसाचं डोकं ऑलरेडी तापलेलं असतं, दिग्दर्शकाला फक्त तो स्क्रू एकेक आटा पिळत न्यायचाय.

आता आमचं सांगतो. एका ग्रुपबरोबर सध्या जी स्क्रिप्ट चाललीये त्यात घटना साधी आहे, सातारची मुलगी, कोथरूडला पीजीमध्ये राहते, रात्री कॅबने निघते आणि पोचत नाही. पोरांनी पहिला ड्राफ्ट अर्थातच कॅबच्या आतून लिहिला, ड्रायव्हरचे लाल डोळे, आरसा, म्युझिक. मी म्हटलं दोन ओपनिंग लिहा, एक तिच्याच वयाच्या मुलींसाठी आणि एक त्यांच्या आयांसाठी.

मुलींसाठीचं असं झालं. रूममेट कॉटवर बसून पातेल्यातूनच मॅगी खातेय, मोबाइल उशीला टेकवलाय, त्यावर मैत्रिणीचं लाइव्ह लोकेशन. ठिपका येतोय, येतोय, आणि नेहमीच्या वळणाला न वळता सरळ जातो. ही टाइप करते, ‘अगं कुठे चाललीयेस’. एकच टिक. काटा हवेत थांबलेला. बस, ड्रायव्हर दाखवायचाच नाही.

आणि आईवालं. साताऱ्याचं घर, रात्रीची आवराआवर, ओट्यावरून फडका फिरवता फिरवता आई फोन लावते, खांदा आणि कानात धरून, आणि पलीकडे उचलल्याबरोबर हिची गाडी सुरू, पोचलीस का गं, जेवलीस का, आवाज का येत नाहीये. मग एक पुरुष शांतपणे म्हणतो, ‘हो, जेवली ती.’

हे वाचल्यावर ग्रुपमधली एक मुलगी म्हणाली सर हे माझ्या आईला दाखवायचं नाही, ती मला परत घरी बोलावून घेईल. मला वाटतं याला ऑडियन्सला अपील होणं म्हणतात.

एक व्यवहाराची गोष्ट, जी पोरं पार विसरतात. थिएटरात लावायचं स्वप्न असेल तर सेन्सॉरचं सर्टिफिकेट लागतं, आणि २०२४ पासून यूए मध्येसुद्धा ७+, १३+, १६+ असे भाग आहेत. तुम्हाला कॉलेजला नुकतीच लागलेली पब्लिक हवी आणि सुरुवातीलाच गळा चिरून बादलीभर रक्त ओतलंत तर ए मिळायची भीती, म्हणजे ज्यांच्यासाठी केलं तेच दाराबाहेर. न दाखवता काय काय होतं ते ‘जॉज’च्या पहिल्या सीनमध्ये बघा, १९७५ चा सिनेमा, पोहणारी मुलगी पाण्यात इकडून तिकडे ओढली जाते आणि शार्क एकदाही दिसत नाही.

आणि मोबाइलवर बघणारे असतील तर अंधारातला अंधार शूट करू नका, दुपारी बसमध्ये बघताना त्यात फक्त स्वतःचा चेहरा दिसतो.

आम्ही शेवटी आईवालं ओपनिंग धरलंय, कारण मॅगीवालं छान आहे पण ते बघणाऱ्या मुलींना पुढची गोष्ट जरा अंदाजाने कळतेच. रफ कट, म्हणजे कच्चं एडिट, एका ओळखीच्या मामींना दाखवला तर सीनमध्ये मागे टीव्हीचा आवाज होता तो ऐकून त्या म्हणाल्या ही कुठली मालिका लागलीय, म्हणजे आमचा सीन गेला उडत, त्यांचं लक्ष मालिकेत. आता तिथे शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी टाकलीये. टायटल कुठे यावं यावर मात्र भांडण मिटलेलं नाही, पोरांना ते त्या पुरुषाच्या आवाजावर धाडकन हवंय, मी म्हणतोय थांबा, आईला आधी फोन कानावरून काढून नंबर बघू दे, कारण आया पहिल्यांदा हेच धरून चालतात की आपणच चुकीचा लावला असेल.