कडक जेल आणि चिडलेल्या पेशी

सोमवार, रात्र

स्टॉप सोल्युशन (रंगाची प्रक्रिया थांबवणारं द्रावण) टाकलं आणि प्लेट निळ्याची पिवळी झाली. मऊ जेलची विहीर (प्लेटमधला छोटा खळगा) फिकट, मधल्या जेलची जरा गडद, कडक जेलची पिवळीधमक. रंग मोजणाऱ्या रीडरला लावायच्या आधीच उत्तर डोळ्यांना दिसत होतं. सलग तिसऱ्यांदा तेच. जेल जितकं कडक, तितके मॅक्रोफेज (परकं काही दिसलं की गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) जास्त टीएनएफ-अल्फा, म्हणजे दाहाचा इशारा देणारं प्रथिन, सोडतात. आलेख असा चढत गेलाय की पट्टी ठेवून काढला असावा.

पाच महिने यासाठीच घासले. उंदराच्या अस्थिमज्जेतून पेशी काढायच्या, सात दिवस एम-सीएसएफवर (त्यांना मॅक्रोफेज बनवणाऱ्या प्रथिनावर) वाढवायच्या, एक दिवसाआड मीडिया (पेशींचं पोषक द्रव) बदलायचा, मग जेलवर सोडायच्या. नुसत्या अल्जिनेटवर, म्हणजे जेल ज्याचं बनतं त्या पदार्थावर, त्या धड चिकटत नाहीत, म्हणून त्याला आधी पेशींना पकड देणारं आरजीडी पेप्टाइड जोडायचं. यात एक रविवार सुटला नाही. पोस्टडॉकची मुदत संपायला आठ महिने उरलेत आणि हातात पहिल्यांदाच सांगण्यासारखं काहीतरी आहे. आज झोप लागणार नाही, पण चांगल्या कारणाने.

मंगळवार

लॅब मीटिंगमध्ये आलेख दाखवला. मॅडम खूश. सुरुवात नेहमीप्रमाणे मेच्निकॉव्ह या प्राणिशास्त्रज्ञापासून केली होती. १८८२ साल, मेसिना. घरचे सगळे सर्कस बघायला गेलेले, हा गृहस्थ मायक्रोस्कोपपाशी एकटा. तारामाशाची पारदर्शक अळी घेतो, बागेतल्या गुलाबाचा काटा तिच्यात खुपसतो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बघतो तर फिरत्या पेशींनी काट्याभोवती गराडा घातलेला. त्याला १९०८ चं नोबेल मिळालं, पॉल एर्लिखबरोबर विभागून. आमचं सगळं शास्त्र त्या काट्याचंच आहे. शरीरात कुठलंही रोपण ठेवा, आधी काही क्षणांतच त्याच्यावर रक्तातल्या प्रथिनांचा थर बसतो. पेशींना आपलं साहित्य कधी दिसतच नाही, दिसतो तो हा थर. मग न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येतात, मागोमाग मॅक्रोफेज. गिळता येत नाही म्हटल्यावर काही मॅक्रोफेज एकमेकांत मिसळून अनेक केंद्रकांची राक्षसी पेशी बनते, आणि शेवटी सगळ्याभोवती कोलॅजनची भिंत उभी राहते. त्वचेखालचे ग्लुकोज सेन्सर काही काळाने चुकीचे आकडे देऊ लागतात, त्यात या भिंतीचा मोठा वाटा आहे. भिंत बांधू नये असं साहित्य बनवायचं, एवढंच आमचं काम. एवढंच!

प्रश्नोत्तरांत पीएचडीच्या पहिल्या वर्षाची मुलगी मागून म्हणाली, "ताई, कडक जेल तुम्ही अल्जिनेट वाढवून करता ना? म्हणजे मऊमध्ये एक टक्का आणि कडकमध्ये तीन?"

"हो."

"मग अल्जिनेटमध्ये काही घाण असेल, तर तीही तिप्पट झाली ना?"

मी म्हटलं, सगळी द्रावणं ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलेली आहेत. ती गप्प बसली. खुर्चीत बसताना माझ्याच पोटात गोळा आला. फिल्टरमध्ये जिवाणू अडकतात, त्यांच्या कवचाचे तुकडे नाही.

बुधवार

हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी स्वतः ज्युनिअर मुलांना शिकवते: एंडोटॉक्सिन म्हणजे ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाह्यावरणातला लिपोपॉलिसॅकराइड, जिवाणू मेला तरी तो उरतो. ऑटोक्लेव्हच्या १२१ अंशांना तो दाद देत नाही. काचेच्या भांड्यावरून घालवायचा तर कोरड्या उष्णतेत २५० अंशांवर अर्धा तास ठेवावं लागतं, आणि जेल काही तसं भाजता येत नाही. अल्जिनेट येतं तपकिरी समुद्री शेवाळातून, म्हणजे जिवाणूंच्या मुक्कामातूनच. मॅक्रोफेजच्या पृष्ठभागावर टीएलआर-४ नावाचा ग्राही (रेणू ओळखणारं प्रथिन) आहे, तो नेमका याच रेणूच्या वासावर असतो. मिलीलिटरमागे नॅनोग्रॅमच्याही खाली प्रमाण असलं तरी पेशी खडबडून जागी होते. हे सगळं मी फळ्यावर लिहिलेलं आहे. माझ्या बाटलीवरच्या लेबलावर मात्र "निर्जंतुक" होतं आणि मी त्याचा अर्थ "स्वच्छ" असा घेतला.

एंडोटॉक्सिन शोधणारी एलएएल चाचणी लावली. हॉर्सशू क्रॅबच्या रक्तपेशींचा अर्क वापरतात यात. नावात खेकडा असला तरी तो खेकडा नव्हे, कोळ्यांच्या जवळचा. त्याचं रक्त तांब्यामुळे निळं दिसतं आणि एंडोटॉक्सिन लागलं की गोठतं. १९५६ साली फ्रेडरिक बँग यांनी ते गोठणं नोंदवलं, पुढे जॅक लेव्हिन यांच्यासोबत त्यातून चाचणी उभी राहिली. जगभरची इंजेक्शनं आणि रोपणं या प्राण्याच्या जिवावर तपासली जातात आणि मी पाच महिने त्याला विचारायचे कष्ट घेतले नाहीत.

एक टक्का: आहे. दोन टक्के: जास्त. तीन टक्के: आणखी जास्त. सोमवारचाच आलेख, फक्त अक्षाचं नाव वेगळं.

शुक्रवार

खात्री करायला पॉलिमिक्सिन-बी घातलं. हे प्रतिजैविक एंडोटॉक्सिनला धरून ठेवतं. कडक जेलवरचा टीएनएफ खाली आला, जवळजवळ मऊ जेलच्या पातळीला. पेशी जेलच्या कडकपणावर चिडल्याच नव्हत्या. त्या आपलं नेहमीचं काम करत होत्या: जिवाणू आलाय असं समजून ओरडत होत्या. माझ्या प्रयोगात खोटं कुणीच बोललं नाही, त्या बिचाऱ्या तर नाहीच.

मॅडमना सांगायला गेले. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "पेपर गेला नव्हता हे नशीब समज." मग थोड्या वेळाने, "जुने सगळे नमुने तपास. फेकू नकोस काही." एवढंच. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मला निदान बाजू मांडता आली असती.

मेच्निकॉव्हचा तो काटा आठवतोय सारखा. बागेतून तोडलेला. त्याने तो निर्जंतुक केला असेल असं मला काही वाटत नाही. म्हणजे त्या पेशी काट्याकडे धावल्या की काट्यावरच्या जिवाणूंकडे? सव्वाशे वर्षांपेक्षा जुन्या प्रयोगावर शंका काढून माझी चूक लहान होत नाही, पण आज जरा सोबत वाटली.

रविवार

त्या मुलीला म्हटलं, लेखकांत तुझं नाव येणार. ती लाजली आणि म्हणाली, मी फक्त विचारलं होतं.

नवीन आखणी केली. अल्जिनेट अतिशुद्ध घ्यायचं, महाग आहे, पण आता त्यावर वाद घालायचं तोंड मला नाही. सगळ्या जेलमध्ये ते सारखंच, दोन टक्के. कडकपणा बदलायचा तो कॅल्शियमने, कारण साखळ्यांना साखळ्या जोडतो तो कॅल्शियमच. (रात्री लक्षात आलं, कॅल्शियम जेलमधून झिरपतं आणि मॅक्रोफेज त्यालाही प्रतिसाद देऊ शकतात. म्हणजे नुसत्या कॅल्शियमचा वेगळा कंट्रोल (तुलनेसाठीचा प्रयोग) हवा. हे मी या वेळी आधी लिहून ठेवतेय.) प्रत्येक खेपेला पॉलिमिक्सिनचा कंट्रोल, प्रत्येक बाटलीची एलएएल.

गुरुवार, पंधरा दिवसांनी

स्वच्छ जेलवरचा पहिला एलायझा, म्हणजे टीएनएफ मोजायची तीच पिवळ्या रंगाची चाचणी. पिवळं जवळजवळ नाहीच. मऊ आणि कडक यांत फरक आहे, पण इतका बारीक की त्रुटीच्या रेषा एकमेकींवर चढल्यात. आकारात मात्र काहीतरी दिसतंय: कडक जेलवर पेशी पसरतात, मऊवर गोलसर राहतात. खरं असेल किंवा मला खरं असावंसं वाटत असेल. फोटोंच्या फाइलींची नावं झाकून त्या मुलीला मोजायला दिल्यात. कुठला फोटो कुठल्या जेलचा, हे तिला कळणार नाही.

उद्या नव्या खेपेचा चौथा दिवस. सकाळी मीडिया बदलायचा आहे.