भीती वाटते, ती दाराची

हा प्रश्न मला महिन्यातून चार-पाचदा तरी येतो. लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत, सिग्नलला शेजारी थांबलेल्या अ‍ॅक्टिव्हावरून. "मॅडम, एवढ्या ट्रॅफिकमध्ये सायकल? भीती नाही वाटत का वो?" मी हसते आणि पायडल मारते. पण परवा भाजीच्या ठेल्यावर तुम्ही विचारलंत ते निराळं होतं. तुमची मुलगी आठवीत गेली, ट्यूशनला सायकलनंच जाते म्हणून हटून बसली आहे, आणि तुम्हाला रात्री झोप नाही. तेव्हा यावेळी नीट सांगते.

वाटते. चांगली वाटते. पण तुम्ही ज्या ट्रकची कल्पना करून घाबरता, त्याची सगळ्यात कमी. ट्रक दिसतो, ऐकू येतो. मला भीती आहे ती रस्त्याकडेला गुपचूप उभ्या असलेल्या कारची.

नागपुरात त्रिमूर्तीनगरहून सिव्हिल लाइन्सला ऑफिसात, म्हणजे प्रतापनगर, माटे चौक, शंकरनगर असं करत जायला माझी पस्तीस मिनिटं जातात, यायला तेवढीच. सुरुवातीला मी अगदी कडेनं, उभ्या गाड्यांना घासून चालवायची. बाईमाणसानं कडेनं जावं, हे कुठेतरी डोक्यात बसलेलं. एका सकाळी लॉ कॉलेज चौकाच्या अलीकडे एका गाडीचं दार फटकन उघडलं. ब्रेक दाबायलाही वेळ मिळाला नाही. हँडल वळलं, मी उजवीकडे रस्त्यावर. मागून काही येत नव्हतं, एवढंच. गाडीतले गृहस्थ खरंच ओशाळले होते. डाव्या हाताला मोबाइल, उजव्या हातानं दार, नजर मांडीवर.

तेव्हापासून उभ्या गाड्यांपासून मीटरभर लांबूनच जाते. दार उघडलं तरी मला लागणार नाही, एवढं. आणि हे तुमच्या यजमानांना जरूर सांगा, त्यांच्याकडे कार आहे म्हणून: उतरताना उजवीकडचं दार डाव्या हातानं उघडायचं. तसं केलं की खांदा आपसूक वळतो, मान मागे जाते आणि येणारी सायकल दिसते. फुकटचा उपाय आहे. आमच्या गल्लीतले एक काका आता तसंच उतरतात आणि मी दिसले की मुद्दाम हात दाखवतात.

दुसरी गोष्ट मला आमच्या सायकलवाल्यानं शिकवली. ब्रेकचे गुटके बदलता बदलता म्हणाला, "तुमी जेवढ्या कडेनं जासान ना ताई, तेवढा गाडीवाला खेटून जाईन." अगदी खरं. कडेला चिकटलं की मागच्याला वाटतं, जागा आहे, निघून जाऊ. थोडं आत, सरळ रेषेत चालवलं की त्याला नीट बाजू घेऊन जावं लागतं. हॉर्न वाजवतो, वाजवू दे. हॉर्न वाजवणाऱ्यानं आपल्याला पाहिलेलं असतं.

आता नागपूरची खासियत. आपले सिमेंट रस्ते. कारला लोण्यासारखे, सायकलला बेइमान. सिमेंटची पाटी उंच, बाजूचे गट्टू, म्हणजे सिमेंटचे ठोकळे, खाली, मधे दोन-तीन बोटांची पायरी. ती तिरकी चढायला गेलं की चाक घासतं आणि माणूस आडवा. पहिल्या पावसाळ्यात मी अशीच पडले, कोपराला अजून खूण आहे. चढायचंच तर काटकोनात, नाहीतर उतरून. पावसात ओल्या रिमवर ब्रेकही उशिरा धरतो, तेव्हा वेग आधीच कमी ठेवायचा.

चौकात बसच्या डाव्या अंगाला कधी उभं राहायचं नाही, हे मात्र मुलीकडून वदवून घ्या. आपण ड्रायव्हरला तिथे दिसत नाही, आणि बस डावीकडे वळली की मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून येतात. एक तर बसच्या पुढे, ड्रायव्हरच्या नजरेत, नाहीतर सरळ मागे. ओढणी असेल तर कमरेला गाठ. माझी एकदा चेनमध्ये गेली होती. मागे लाल लुकलुकता दिवा, कारण ट्यूशन सुटते तेव्हा अंधार असतो. आमच्या वेळी डायनॅमो होता. तो थांबलं की विझायचा, म्हणजे नेमका सिग्नलला! हेल्मेटचं मी सांगायला नको, पण हनुवटीखालचा पट्टा लावला तरच ते हेल्मेट.

उन्हाचं विचाराल तर नवतपात, म्हणजे उन्हाळ्यातल्या त्या कडक नऊ दिवसांत, मी हट्ट करत नाही. पारा ४५ला टेकला की सायकल घरी. खिशात कांदा ठेवून दुपारी निघायचा सासूबाईंचा उपाय मी आदरानं नाकारते. उरलेल्या दिवसांत डोक्याला दुपट्टा, बाटलीत पन्हं, आणि सकाळी लवकर.

मग इतकं करून कशाला, हा तुमच्या मनातला पुढचा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला निदान १५० मिनिटं व्यायाम करा म्हणते. माझी ती बुधवारी सकाळी ऑफिस गाठेपर्यंतच होतात, वेगळी चप्पल घालून फिरायला न जाता. पेट्रोलचा हिशेब मी ठेवत नाही. पण आमच्या गल्लीत आता पाच सायकली रोज निघतात, आणि पूर्वी भुर्रकन येणारे दूधवाले, डिलिव्हरीची पोरं वळणावर थबकून बघतात. एकटी होते तेव्हा कुणी थबकत नव्हतं. तुमची मुलगी निघाली तर सहा होतील.

तिला सोडू का, याचं उत्तर मी देणार नाही, आई तुम्ही आहात. एवढं करू. रविवारी सकाळी साडेसहाला मी प्रतापनगर चौकात येते. ट्यूशनचा रस्ता तिघी मिळून दोनदा जाऊ, ती पुढे, मी मागे, आणि तुम्हीही सायकलवर. शेजाऱ्यांची मागा. फक्त हवा शनिवारीच भरून ठेवा, चौकातला सायकलवाला नऊच्या आधी दुकान उघडत नाही.